एकाच गाडीचं इंजिन

फोनवर कुणी बोललंच नाही.

रविवारी सकाळी आणीबाणीच्या नंबरावर तो आला होता. ऑपरेटर पुन्हापुन्हा विचारत राहिली, "काय झालंय? कुठून बोलताय?" पलीकडून नुसत्या धापा ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या. रिसीव्हर मात्र कुणी जागेवर ठेवला नाही. तो तसाच लोंबकळत राहिला, म्हणूनच पत्ता सापडला. लेक होल्कम, मिशिगन. काझिमिर व्रोबेल यांच्या गॅरेजातला, भिंतीवरचा जुना फोन.

डिटेक्टिव्ह ओडेसा ट्रिम्बल तिथे पोहोचली तेव्हा म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं. एकोणऐंशी वर्षांचा कॅझ व्रोबेल कामाच्या बाकाशेजारी पडलेला सापडला होता. बाकावरच्या लोखंडी शिकंज्याला, व्हाइसला, रक्त लागलं होतं. डोकं त्यावर आपटलं होतं. जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता.

"पडला कसा?" ओडेसाने विचारलं.

"पाडलं असणार, बॉस," टिली म्हणाला. टिली तिचा सहकारी. निष्कर्षाला पोहोचायची त्याला नेहमी घाई. "पण चोरीला काहीच गेलेलं नाही. गाडी बघा ना, इथेच आहे. किल्लीसुद्धा खिळ्याला."

गाडी म्हणजे १९६९ची पॉन्टियाक जीटीओ. गडद हिरवी. या भागात ती ओळखायला पोलिस असावं लागत नाही. ओडेसाचा बाप ज्या कारखान्यात आयुष्यभर राबला, तिथलीच ती. पण ही गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिली नव्हती. बॉनेट कापून त्यावर हवेचं मोठं नळकांडं बसवलं होतं. मागचे मडगार्ड कापून रुंद टायर घातले होते. डॅशबोर्डला भोकं पाडून तीन जादा मीटर लावले होते.

ओडेसाला एका जागी उभं राहवेना. सिगारेट सोडल्यापासून तिच्या पायांना स्वस्थता नव्हती. त्यात तो ऑगस्टचा आठवडा. गावोगावच्या जुन्या गाड्या वुडवर्ड रस्त्यावर फिरायला निघालेल्या, त्यामुळे सकाळपासून कानात नुसती घरघर. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस पडत नव्हता.

ती गॅरेजभर फिरत राहिली.

"तो सापडला तेव्हा कसा होता? पालथा? उताणा?"

"कुशीवर. डोक्याखाली कापडाची घडी होती."

"घडी?"

"हो. स्वच्छ पंचा. चार पदरी."

ओडेसा थांबली. "डोकं फोडणारा चोर उशी देऊन जातो का रे?"

टिलीने खांदे उडवले आणि कोपऱ्यातला दुधाच्या बाटल्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट ओढून त्यावर बसायला गेला.

"थांब! तो क्रेट कुठे होता?"

"इथेच. पालथाच होता. मी फक्त जरा ओढला."

क्रेटशेजारी इंजिन उचलायची चाकांची क्रेन उभी होती. हात वर, साखळी मोकळी लोंबत. तिच्यापुढे इंजिन ठेवायचा लोखंडी स्टँड, रिकामा. त्याच्या पायाशी एक ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली. स्टँडखालच्या फरशीवर वर्षानुवर्षांच्या तेलाचे डाग.

"टिली, चोरीला गेलंय. इथे इंजिन होतं."

"गाडी सोडून इंजिन कोण चोरतं?"

ओडेसा वाकून स्टँड बघत होती. इंजिन सोडवताना काढलेले चारही बोल्ट चोराने परत त्या त्या भोकात हाताने फिरवून ठेवले होते. हरवू नयेत म्हणून. तिचा बाप असंच करायचा. घाईतसुद्धा.

"दोघं तरी असतील," टिली म्हणाला. "धट्टेकट्टे. तीनशे किलोचं धूड ते."

"क्रेन आहे की."

"तरीही, बॉस."

"कॅझ रविवारी सकाळी घरी असतो?"

"कधीच नाही. चर्चमध्ये असतो. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आज चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मधूनच उठून आला."

म्हणजे चोराला घर रिकामं मिळणार होतं. म्हातारा अचानक परतला. ओडेसाने फोनकडे पाहिलं. तो इतक्या उंचावर होता की शुद्ध हरपलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचला नसता. फोन चोरानेच केला होता.

टिलीने कॅझच्या मुलीला कळवण्यासाठी फोन लावला. ती आधीच हॉस्पिटलात पोहोचली होती.

*

ड्वेन हॅचरचं दुकान म्हणजे काचेचा महाल. आत जुन्या गाड्या झुंबराखाली उभ्या. हॅचर स्वतःही तसाच चकचकीत होता. पांढरे बूट, पांढरे दात.

"मॅडम, मी तर हादरलोय," तो म्हणाला. "मंगळवारी मी ती गाडी उचलणार होतो. सौदा ठरला होता."

"कॅझ विकायला तयार कसा झाला? इतकी वर्षं कुणाला हात लावू देत नव्हता म्हणतात."

"मोतीबिंदू. गाडी चालवणं बंद झालं. बहिणीकडे ॲरिझोनाला जाणार होता. आणि मी त्याला एक शब्द दिला होता."

"कोणता?"

"की गाडी पुन्हा जशीच्या तशी करेन. कारखान्यातून निघाली तशी. म्हातारा तेव्हा पहिल्यांदा हसला. म्हणाला, माझ्या पोराने या गाडीचा केलेला सत्यानाश पुसून टाक."

"पोरगा म्हणजे?"

"टेडी. वारला बिचारा, फार वर्षं झाली. बापाने त्याला ही गाडी दिली होती. पठ्ठ्याने तिची पार खिचडी करून टाकली. मूळ इंजिन काढलं, दुसऱ्याच गाडीचं थोराड इंजिन घातलं."

"आणि मूळ इंजिन?"

"बापाने ताडपत्रीखाली जपून ठेवलं. देवासारखं. मॅडम, या धंद्यात सगळा खेळ त्याचाच आहे. इंजिनावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. दोन्ही नंबर जुळले की गाडी सोनं. नाही जुळले की लोखंड."

"फरक किती?"

"आज आहे तशी? चाळीस हजार डॉलर, तेही कुणी भाबडा भेटला तर. मूळ इंजिन बसवून सगळं पूर्ववत केलं तर चौपट. हौशी पोरांना वाटतं, आपण पैसे घालून गाडी सुधारली म्हणजे किंमत वाढली. उलटं असतं. बोल्टने लावलेली वस्तू काढता येते. पाडलेलं भोक काढता येत नाही. एकेक भोक म्हणजे खिशाला भोक."

"भोकं बरीच दिसली मला."

"बरीच? मी तासभर खाली वाकून मोजत होतो. बॉनेट गेलं, मडगार्ड गेले, डॅशबोर्ड गेला. सीटसुद्धा सोडली नाही! सीट सरकायच्या मूळ पट्ट्या कापून नव्या वेल्ड केल्यात, सीट वीतभर पुढे सरकवलीय. क्लचच्या पेडलवर ॲल्युमिनियमचा ठोकळा ठोकलाय. काम एकदम सफाईदार, हं. वेल्डिंग बघून मला वाईट वाटलं. इतका चांगला हात आणि अशी अक्कल!"

ओडेसा उठून काचेपाशी गेली. बाहेरून तीन गाड्या आरडाओरडा करत गेल्या.

"चोरलेलं इंजिन चोर कुणाला विकेल?"

हॅचर हसला. "कुणालाच नाही. जगातल्या एकाच गाडीसाठी त्याला मोल आहे. बाकी सगळ्यांसाठी ते जुनं बीड."

"म्हणजे ते चोरून फायदा फक्त त्यालाच, ज्याच्याकडे गाडी येणार. उदाहरणार्थ तुम्ही. इंजिन हरवलं म्हणून गाडी पडेल किमतीत घ्यायची. वर्षभराने इंजिन कुठल्याशा भंगारवाल्याकडे 'सापडलं' म्हणायचं."

हॅचरचे दात दिसेनासे झाले.

"कल्पना सुरेख आहे," तो म्हणाला. "पण रविवारी सकाळभर मी वुडवर्डवर माइक घेऊन गाड्यांची नावं पुकारत होतो. अख्ख्या गावाने माझा आवाज ऐकलाय."

"माणसं भाड्याने मिळतात."

"मिळतात. मग मी गाडी घेतली असती ना? आज सकाळीच मी सौदा मोडला. इंजिन नाही तर मला ती फुकटसुद्धा नको. पूर्ववत करायचा खर्चही निघणार नाही. कळवून टाकलं तसं."

"कुणाला?"

"त्याच्या मुलीला. लुसिलला."

"काय म्हणाली?"

हॅचरने आठवून पाहिलं. "काहीच नाही. 'बरं' म्हणाली."

*

रॉली बुशार कॅझच्या शेजारच्याच घरात राहायचा. ऐंशी उलटलेला, हातांची बोटं वाकडी, कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेलं. टिलीने त्याच्या पिकअप ट्रकभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि ओडेसाच्या कानाशी लागला.

"मागे ताजं तेल सांडलंय. जड लोखंड घासल्याचा ओरखडाही आहे. बॉस, हाच तो."

रॉली पायरीवर बसून टोमॅटोच्या फोडी खात होता. वर मीठ.

"रविवारी ट्रक कुठे होता?" ओडेसाने विचारलं.

"इथेच असेल."

"असेल?"

"मी चर्चमध्ये गात होतो, पोरी. कॅझ माझ्या डोळ्यांदेखत उठून गेला. मी शेवटची प्रार्थना संपेपर्यंत तिथेच. फादरला विचार. माझा आवाज फाटका आहे, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहतो."

"किल्ली कुठे ठेवता?"

"ट्रकमध्येच. ड्रायव्हरसमोरच्या उन्हाच्या झडपेत. या गल्लीत कोण चोरतंय?"

"काही जण इंजिनं चोरतात."

रॉलीने टोमॅटोची फोड खाली ठेवली.

"टेडीला गाडीचं काम तुम्हीच शिकवलंत ना?"

"माझं गॅरेज उघडं असायचं. ज्याला शिकायचं त्याने यावं."

"कसा होता तो?"

म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल झाला. "ताडमाड. या दारातून वाकून यायचा. तोंडाची टकळी सारखी चालू. हसवून हसवून जीव घ्यायचा. कॅझने गाडीची दशा पाहिली त्या दिवशी घरात जे रामायण झालं, ते मी इथे ऐकलं. कॅझने त्याला घराबाहेर काढलं. पोरगा टेक्सासला गेला, तेलाच्या विहिरीवर लागला. दुसऱ्याच वर्षी तिथेच अपघातात गेला. बापलेकांचं बोलणं झालंच नाही पुन्हा."

"रॉली, ते इंजिन स्टँडवरून उतरवून तुमच्या ट्रकमध्ये चढवायला किती माणसं लागतील?"

"माहिती नसेल तर चार. माहिती असेल तर एक."

"आणि ती एक बाई असेल तर?"

रॉलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "पाऊस यायला हवा आता. जीव नुसता घुसमटतोय."

जाता जाता ओडेसाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कॅझला दवाखान्यात नेल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लुसिलने. तिथूनच फोन केला तिने."

*

लुसिल हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसली होती. पन्नाशीची, इतकी बुटकी की बाकावर बसली तर पाय जमिनीला टेकत नव्हते. शाळेच्या कार्यालयात काम करायची. दोन दिवस तिने तिथून हलायचं नाव घेतलं नव्हतं. हातातला कॉफीचा कागदी पेला तिने चुरगळून पार लगदा केला होता.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सूज उतरतेय. आज डोळे उघडले. बोलले नाहीत."

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"रॉलीने."

ओडेसाने मान डोलावली. तिच्या शेजारी बसली, लगेच उठली.

"वडिलांनी गाडी विकू नये असं तुम्हाला वाटायचं?"

"मला काय करायचंय? गाडी त्यांची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, विका आणि मोकळे व्हा."

"इंजिन कुणी नेलं असेल?"

"हॅचरला विचारा. त्याची नजर होती."

"त्याने सौदा मोडला."

"हो. कळलं."

"वाईट वाटलं?"

"वडील आत पडलेत, डिटेक्टिव्ह. मला गाडीचं काय वाईट वाटणार?"

रस्त्यावरून एक लाल गाडी धडधडत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुसिलने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुटपुटली, "टायमिंग मागे पडलंय. असाच पळवत राहिला तर व्हॉल्व्ह जाळून बसेल, गाढव."

ओडेसाने ऐकलं, पण ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

ती सरळ कॅझच्या गॅरेजात गेली. गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. ओडेसा पाच फूट सात इंच. तिचे गुडघे स्टीअरिंगला अडकले. सीट मागे सरकवायला खालचा दांडा ओढला, तर ती तसूभरही हलेना. पट्ट्या कायमच्या वेल्ड केलेल्या. तिने पाय आखडून क्लचच्या ठोकळ्यावर ठेवायचा प्रयत्न केला. जमेना.

"काय करताय, बॉस?" टिली दारात उभा होता.

"गाडी कुणाची आहे ते बघतेय," ओडेसा म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, कॅझ उशीला टेकून बसला होता. डोक्याला बँडेज, पण भान पुरतं जागेवर. चर्चमधून निघाल्यापासूनचं त्याला काही आठवत नव्हतं. रॉली खिडकीशी बसला होता. लुसिल पलंगाच्या पायथ्याशी. हॅचर फुलं घेऊन आला होता आणि ती कुठे ठेवावी ते न कळून तशीच धरून उभा होता. टिली दारापाशी.

ओडेसाने आधी लुसिलला बाजूला घेतलं होतं. "मला आत जे बोलायचंय ते तुम्ही आधी एकट्याने ऐकू शकता," असं ती म्हणाली होती. लुसिल म्हणाली होती, "नको. त्यांच्यासमोरच होऊ दे. माझ्या तोंडून कधी निघणार नाही."

"माझं इंजिन सापडलं का?" कॅझने विचारलं. आवाज घोगरा.

"सापडेल. कुठे आहे ते ठाऊक आहे," ओडेसा म्हणाली. ती येरझाऱ्या घालायला लागली. "मिस्टर व्रोबेल, पहिल्या दिवसापासून आम्ही एकच प्रश्न विचारत होतो. या इंजिनातून पैसा कुणाला मिळेल? उत्तर सोपं होतं. तुमची गाडी ज्याच्या हाती येईल त्याला. दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही. म्हणून संशय हॅचरवर."

"माझ्यावर!" हॅचर म्हणाला.

"पण हॅचरने सौदाच मोडला. पडेल किमतीतही गाडी नको म्हणाला. मग मी प्रश्न उलटा केला. इंजिन हरवल्याने कुणाला काय मिळतं, हे सोडून दिलं. इंजिन हरवल्याने काय टळतं, ते पाहिलं. विक्री टळते. आणि गाडी पूर्ववत होणं टळतं. बॉनेट, मडगार्ड, मीटर, सगळं जसंच्या तसं राहतं. ज्या बदलांनी गाडीची किंमत मातीमोल केली, ते बदल कुणालातरी जीव की प्राण होते."

"रॉली?" कॅझने मान वळवली.

"टिलीलाही तेच वाटलं. इंजिन रॉलीच्या ट्रकमधूनच गेलं, तेल सांडलंय. पण रॉली चर्चमध्ये गात होता. किल्ली ट्रकमध्ये असते हे गल्लीत सगळ्यांना माहीत. मग चोराने मागे काय ठेवलं ते पाहा. क्रेनशेजारी पालथा क्रेट. तुम्ही उंच माणूस, रॉलीही. तुम्हाला साखळीपर्यंत हात पोचवायला क्रेट लागत नाही. चोर बुटका होता. काढलेले बोल्ट परत भोकात फिरवून ठेवलेले. म्हणजे चोर शिकलेला मेकॅनिक. आणि तुमच्या डोक्याखाली घडी केलेला पंचा. चोराने फोन लावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. का? आवाज ओळखला जाईल म्हणून. गाव लहान आहे."

बाहेर कुठेतरी हॉर्न वाजत होते.

"बुटका मेकॅनिक," कॅझ हळूच म्हणाला. "असा कोण आहे?"

"तेच मलाही कळत नव्हतं. मग मी तुमच्या गाडीत बसले. हॅचर सांगत होता, सीट वीतभर पुढे घेतलीय, पेडलवर ठोकळा बसवलाय. त्याला तो मूर्खपणा वाटला. मी बसले तर माझे पाय मावेनात. मिस्टर व्रोबेल, तुमचा टेडी दारातून वाकून यायचा. तो त्या सीटवर बसून दहा पावलंसुद्धा गाडी चालवू शकला नसता. ती सीट त्याने स्वतःसाठी बसवली नाही. ती गाडी टेडीने बदललीच नाही."

कॅझने लुसिलकडे पाहिलं. तिची नजर चादरीवर होती.

"लुसिल म्हणाली, तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून तिने त्यातला बिघाड सांगितला. लुसिल म्हणाली, तुम्ही पडल्याचं रॉलीने कळवलं. रॉली म्हणाला, लुसिलने. आमच्या टिलीचा फोन जायच्या आधी ती इथे हजर होती. तिला कुणीच कळवलं नव्हतं. ती तिथे होती."

"लुसी?" कॅझ म्हणाला.

लुसिल उभी राहिली. उभी राहूनही ती पलंगाच्या कठड्याएवढीच दिसत होती.

"मी तुम्हाला ढकललं नाही, डॅड," ती म्हणाली. "इंजिन ट्रकमध्ये चढवून झालं होतं, मी रिकामी क्रेन आत ठेवत होते. तुम्ही दारात आलात. 'काय चाललंय हे' म्हणून साखळीला हात घातलात. क्रेन चाकांवर फिरली. तुम्ही मागे गेलात. मी धरायला धावले, पण..." तिने हात पुढे केले आणि तसेच राहू दिले.

"आणि पळालीस."

"सायरन ऐकू येईपर्यंत तुमचा हात धरून बसले होते. मग ट्रक घेऊन पळाले. हो."

"का? सांगितलं असतंस, गाडी विकू नका म्हणून!"

"कारण काय सांगितलं असतं? की ती माझी आहे?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही गाडी टेडीला दिलीत. त्याला स्पार्क प्लग कुठे असतो ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तुमच्या गॅरेजात पाय ठेवला की तुम्ही म्हणायचात, जा, आईला भांडी घासू लाग. म्हणून रॉलीकडे शिकले. तुम्ही रात्रपाळीला असताना आम्ही ती गाडी केली. इंजिन मी काढलं. मडगार्ड मी कापले. आणि तुम्हाला कळलं त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत टेडी म्हणाला, मी केलं."

"रॉली, तुला माहीत होतं?"

"होतं," रॉली म्हणाला. "तिने शपथ घातली होती."

कॅझ उशीवरून पुढे सरकला.

"मी त्याला घराबाहेर काढलं. आणि तू टेबलापाशी बसली होतीस."

"हो."

"गप्प बसली होतीस."

"हो, डॅड. त्याला वाटलं होतं, आठवड्याभरात तुमचा राग उतरेल. मग आपण सांगू. नंतर तो गेला. मग मी काय सांगणार होते? की तो माझ्यापायी गेला? तुम्ही त्याच्यावर रागावून तरी जगत होतात. माझ्यावर रागावून जगला असतात का, कुणास ठाऊक." तिने डोळे पुसले नाहीत. "हॅचरला तुम्ही म्हणालात, पोराने केलेलं सगळं पुसून टाक. टेडीने माझ्यासाठी जे अंगावर घेतलं, त्याची तेवढीच खूण उरलीय. ती पुसली जाताना मला बघवेना. इंजिन माझ्या गॅरेजात आहे. तलावात ढकलून द्यायचं म्हणून नेलं होतं. हात धजावला नाही."

हॅचर दबक्या पावलांनी बाहेर गेला. फुलं त्याने दाराशी खुर्चीवर ठेवली.

ओडेसाने कॅझला विचारलं, "तक्रार नोंदवायची आहे?"

"कसली तक्रार? म्हातारा माणूस, तोल गेला," कॅझ म्हणाला. मग मुलीकडे न बघता म्हणाला, "तू घरी जा."

"डॅड..."

"आज नको, लुसी. आज मला तुझं तोंड बघवत नाही." तो भिंतीकडे वळला. लुसिल दारापर्यंत पोहोचली तेव्हा तो म्हणाला, "उद्या ये."

*

जखमी माणसाला टाकून जाणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि ओडेसाने ती अहवालात गाळली नाही. सरकारी वकिलाने कागद उलटसुलट करून पाहिले. म्हाताऱ्याने तक्रार द्यायला साफ नकार दिला. शेवटी प्रकरण अपघात म्हणून मिटलं. लुसिलला समज मिळाली. इंजिन परत स्टँडवर गेलं. हॅचरने पुन्हा फोन केला, पहिल्यापेक्षा गोड आवाजात. कॅझने तो उचलला नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या बुधवारनंतरच्या सकाळी ओडेसा जबाबावर सही घ्यायला हॉस्पिटलात गेली, तेव्हा काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून कॅझचा खडसावणारा आवाज येत होता.

"कॅमशाफ्ट कुणी बसवला? खरं सांग."

"मीच."

"एकटीने?"

"एकटीने."

"आणि बॉनेट कापलं तेव्हा?"

"मीच कापलं, डॅड."

"मग तो रात्रभर तिथे करत काय होता?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टॉर्च धरून उभा असायचा. आणि विनोद सांगायचा. मी हसले की टॉर्च हलवायचा, म्हणून मी त्याला शिव्या द्यायचे."

मग कॅझ हसला. खोकल्यासारखं, अडखळत. हसता हसता तो म्हणाला, "कुठले विनोद? सांग ना. एखादा तरी आठवत असेल."

ओडेसाने कागद परत पिशवीत घातला. सही काय, उद्याही झाली असती.